गंधवार्ता : बातमीतला वास आणि वासाची बातमी

मराठी वृत्तपत्रांच्या भाषेत 'गंधवार्ता' हा शब्द होकारार्थी वाक्यात जवळजवळ भेटतच नाही. कोणाला कशाची गंधवार्ता 'लागली' असे सहसा छापून येत नाही; येते ते 'गंधवार्ताही नव्हती' असेच. शब्दाची घडण मात्र मोठी अर्थपूर्ण आहे. वास आणि बातमी या दोन गोष्टी त्यात एकाच समासात शेजारी बसल्या आहेत. वाऱ्यावरून दूर अंतरावर पोहोचणारा वास हीच एखाद्या गोष्टीची पहिली खबर, ही कल्पना त्यामागे दिसते. ती खबरही मिळाली नाही, म्हणजे काहीच कळले नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर या शब्दाची एकदा फार कठोर परीक्षा झाली. जानेवारी आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातील दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके समुद्रमार्गे उतरवण्यात आली. शेखाडीला उतरलेल्या मालात आरडीएक्स होते. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. अशा घटनेनंतर बातमीत हमखास उतरणारे वाक्य ठरलेले असते : एवढा मोठा साठा किनाऱ्यावर आला, तरी यंत्रणांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

हे वाक्य वरवर टीकेचे वाटते. प्रत्यक्षात ते सहानुभूतीचे आहे. वास आला नाही, यात नाकाचा काय दोष? वारा उलट्या दिशेचा असेल, एवढेच. परंतु टाडा न्यायालयाने २००६-०७ मध्ये दिलेल्या निकालांत सीमाशुल्क खात्यातील काही अधिकाऱ्यांना आणि श्रीवर्धन येथील काही पोलिसांना, माल जाऊ देण्यात हातभार लावल्याबद्दल दोषी ठरवले गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च २०१३ मध्ये आला. किनाऱ्यावरच्या काही जणांना वास आला होता आणि त्यांनी पैसे घेऊन तोंड फिरवले होते, हे न्यायालयाच्या निकालांतून पुढे आले. 'गंधवार्ता नव्हती' या दोन शब्दांत 'कोणाला नव्हती' हा प्रश्न बेमालूम विरघळून जातो. यंत्रणा म्हणजे कोण, हे विचारण्याची जबाबदारी वार्ताहराची असते. वाक्प्रचार ती त्याच्या खांद्यावरून अलगद उतरवतो.

बातमीच्या भाषेत ज्ञानेंद्रियांची एक उतरंड रचलेली असते. डोळ्यांनी पाहिलेले ते 'स्पष्ट झाले', 'उघडकीस आले', 'दिसून आले'. कानावर आलेले ते 'चर्चा आहे', 'कुणकुण लागली', 'चाहूल लागली'. नाकाला जाणवलेले मात्र सर्वांत खाली : संशयाचा वास, घोटाळ्याचा वास, भ्रष्टाचाराची दुर्गंधी. पुरावा जसजसा कमी, तसतसे इंद्रिय नाकाकडे सरकते. व्यवहारात बहुधा याच्या उलट घडते. स्वयंपाकघरातली गॅसगळती डोळ्यांना दिसण्यापूर्वी आणि कानाला ऐकू येण्यापूर्वी नाकाला कळते. भाषेने ज्या इंद्रियाला संशयापुरते ठेवले, ते घरात सर्वांत आधी खात्री देते.

'वास येतो' या रचनेची आणखी एक सोय आहे. तिच्यात कर्ता लागत नाही. 'अमुक अधिकाऱ्याने निविदेत फेरफार केला' असे लिहायचे तर कागद हाताशी असावा लागतो, अन्यथा अब्रुनुकसानीची नोटीस ठरलेली. 'निविदा प्रक्रियेला गैरव्यवहाराचा वास येत आहे' असे लिहिले की कोणावर आरोप होत नाही, कोणाला खुलासा करता येत नाही आणि वाचकाला हवे ते समजते. वास कोणाला आला, केव्हा आला, कुठून आला, यांपैकी काहीही सांगावे लागत नाही. संपादकीय विभागात अशा वाक्यावर लाल रेघ क्वचितच पडते, ती याच कारणाने.

'गंध' शब्दाला अल्पतेचा अर्थ चिकटला तो काही आजचा नव्हे. पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'त 'गंध' हा शब्द 'थोडेसे' या अर्थाने समासात आला तर त्याचे रूप कसे होते, यासाठी स्वतंत्र सूत्र आहे, आणि टीकाकार त्याला उदाहरण देतात ते नावापुरतेच वरण असलेल्या जेवणाचे. 'विद्येचा गंध नाही' हा मराठी वाक्प्रचार त्याच परंपरेतला. दुसरीकडे 'सुगंधी' आणि 'दुर्गंधी' ही जोडी मराठीत येताना विस्कटली. सुगंधी हे विशेषण राहिले, सुगंधी तेल, सुगंधी उटणे असे. दुर्गंधी मात्र नाम झाली आणि वृत्तपत्रात तिचे एकच काम उरले, ते म्हणजे 'पसरणे'. 'दर्प' या शब्दाचा प्रवास तर याहून मजेशीर आहे. संस्कृतात दर्प म्हणजे गर्व, मस्ती. मराठीने तो अर्थ राखलाच, शिवाय नाकात घुसणाऱ्या उग्र वासालाही दर्प म्हटले. त्यामुळे 'सत्तेचा दर्प' असे मथळ्यात आले तर अहंकार की वास, हे वाचकानेच ठरवायचे, आणि बहुतेक वेळा दोन्ही अर्थ चालून जातात.

गंधवार्तेचा होकारार्थी भाऊबंद म्हणजे 'सुगावा'. पोलिसांना तो लागतो. १९९३ च्या तपासात तो केवळ अलंकारिक नव्हता. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात 'जंजीर' नावाचा लॅब्राडोर जातीचा श्वान होता.  त्या वर्षी तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून काढण्याचे श्रेय त्याला दिले जाते. नोव्हेंबर २००० मध्ये तो मरण पावला, तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. विशेष म्हणजे शुद्ध आरडीएक्सची वाफ सामान्य तापमानाला इतकी नगण्य होते की, वास म्हणावा असा त्याला जवळजवळ नसतोच. प्रशिक्षित श्वान प्रामुख्याने त्याच्यासोबतची मिश्रणे, द्रावकांचे अवशेष हुंगतो. हीच अडचण ओळखून १९९१ मध्ये माँट्रिअल येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात, प्लास्टिक स्फोटकांमध्ये सहज ओळखू येणारे रसायन मुद्दाम मिसळण्याचे बंधन घालण्यात आले. ज्याला गंध नाही त्याला गंध द्यायचा, म्हणजे त्याची वार्ता मिळेल.

स्वयंपाकाच्या गॅसबाबत नेमके हेच केलेले असते. सिलिंडरमधील प्रोपेन आणि ब्युटेन यांना स्वतःचा वास जवळजवळ नसतो. नाकाला येतो तो त्यात मिसळलेल्या मरकॅप्टन वर्गातील गंधकयुक्त रसायनाचा, कुजलेल्या कोबीसारखा. 'गॅसचा वास' हा शब्दप्रयोग त्यामुळे शास्त्रदृष्ट्या चुकीचाच, पण उपयुक्त. सप्टेंबर २०१९ मध्ये आणि पुन्हा जून २०२० मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांतून अशा वासाच्या तक्रारींचा पाऊस पडला. अग्निशमन दलाच्या गाड्या धावल्या. अशा वेळी 'वास गॅसचा होता' आणि 'वास गॅससारखा होता' या दोन वाक्यांत केवढे अंतर असते, हे बातमी लिहिणाऱ्याला चांगलेच ठाऊक असायला हवे. पहिल्या वाक्यात निष्कर्ष आहे, दुसऱ्यात निरीक्षण.

उग्र म्हणजे नेमका कसा?

रायगड जिल्ह्यातून येणाऱ्या बातम्यांत वासाचे शब्द अलंकार म्हणून कमी आणि अक्षरशः अर्थाने अधिक येतात. थळ येथे खताचा, उरणला तेल व वायूचा, नागोठण्याला पेट्रोरसायनांचा प्रकल्प. रोह्याजवळ धाटाव, महाड, तळोजा येथे रासायनिक कारखान्यांच्या वसाहती. रोह्याकडून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते, महाडची सावित्री हरिहरेश्वर-बाणकोटकडे. कारखाने आत आणि खाड्यांची मुखे किनाऱ्यावर, अशी ही रचना असल्याने आतल्या वसाहतीत काय घडले, त्याची वार्ता खाडीकाठच्या गावाला अनेकदा पहिल्यांदा नाकानेच मिळते. बातमी येते ती अशी : 'परिसरात उग्र दर्प पसरल्याने नागरिक हैराण.'

'उग्र' या विशेषणाने वाचकाला काय कळते? जवळजवळ काहीच नाही. वास्तविक मराठी बोलीत वासाच्या शब्दांचे दारिद्र्य मुळीच नाही. करपट, जळकट, कुबट, खवट, आंबूस, मातकट, धुरकट, हिरवट, खमंग, खरपूस, शिवाय दारूचा म्हणून ठरलेला भपकारा. घरातली आजी डब्याचे झाकण उघडताच पीठ जुने झाले की ओलसर झाले, हे एका शब्दात सांगते. हे शब्द वृत्तपत्राच्या पाककृतींच्या पानावर मोकळेपणाने वावरतात, जिल्ह्याच्या पानावर येताच मात्र त्यांच्या जागी 'उग्र' आणि 'दुर्गंधी' एवढे दोनच उरतात.

नेमका शब्द इथे शैलीसाठी नको आहे, माहितीसाठी हवा आहे. डोळ्यांत पाणी आणणारा, नाकात झोंबणारा वास अमोनियाकडे बोट दाखवतो. सडलेल्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइडची शक्यता. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री जाग आलेल्या अनेकांनी मिरच्या जाळल्यासारखा ठसका लागल्याचे सांगितले होते. चाळीस वर्षे उलटली तरी ती उपमा त्या रात्रीची खूण म्हणून टिकली आहे. 'उग्र दर्प' एवढेच त्यांनी सांगितले असते, तर आज ते कोणाच्या स्मरणात नसते.

हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत तर शब्दांची हयगय जिवावर बेतू शकते. हा वायू अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतो, परंतु हवेतील प्रमाण दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटते की धोका टळला. मैल्याच्या टाकीत उतरणारे सफाई कामगार किंवा मासळी कुजलेल्या नौकेच्या बंदिस्त खणात शिरणारे खलाशी गुदमरतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. 'काही वेळाने वास नाहीसा झाल्याने नागरिकांनी सुटकेचा नि:श्वास सोडला' हे बातमीतले नेहमीचे शेवटचे वाक्य त्यामुळे तपासून लिहावे असे आहे. वास खरोखर ओसरला की नाकाने काम थांबवले, हे मोजणीशिवाय सांगता येत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला वास नसलेले वायू. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठणे येथील तत्कालीन इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनच्या प्रकल्पात इथेन-प्रोपेनची गळती होऊन भीषण स्फोट झाला आणि तीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. या वायूंना जाणवण्याजोगा वास नसतो, आणि प्रकल्पातील नळ्यांमधून वाहताना त्यांत घरगुती गॅसप्रमाणे मरकॅप्टन मिसळलेले असेलच असे नाही. अशा ठिकाणी 'कोणताही वास येत नव्हता, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही' हा खुलासा जसाच्या तसा छापणे म्हणजे वाचकाची दिशाभूल होय.

हेच शब्द पोलीस ठाण्याच्या बातमीत येतात तेव्हा मात्र त्यांना मर्यादा पडते. अलिबाग, मुरूड, काशीदकडे शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्यांचे अपघात झाले की 'चालकाच्या तोंडाला दारूचा वास येत होता' हे वाक्य फिर्यादीतून थेट बातमीत उतरते. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ वासावर चालत नाही. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल, ही त्याची कसोटी. बातमीच्या मथळ्यात 'मद्यधुंद चालक' आणि तपशिलात केवळ वास, अशी विसंगती मात्र नित्य आढळते.

मासळीला काय म्हणायचे?

किनाऱ्यावरचा सर्वांत जुना वास मासळीचा. पावसाळा सरला की बांबूंवर टांगलेले बोंबील, अंगणात पसरलेला जवळा, सोडे, सुकट, हे कोळीवाड्यांचे नेहमीचे दृश्य. या वासाला बातमीत काय म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. ताज्या सागरी माशाला फारसा वास नसतो. माशाच्या शरीरातील एका पदार्थाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन ट्रायमिथाइल अमाइन तयार होऊ लागले, की ओळखीचा 'मासळीचा वास' येतो. मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बाईच्या दृष्टीने तो वास म्हणजे मालाची प्रतवारी. नीट वाळलेल्या, अर्धवट वाळलेल्या आणि बिघडलेल्या मालाचे वास तिला वेगळे ओळखता येतात, आणि तिचा त्या दिवसाचा भाव त्यावर ठरतो.

शहरातून आलेला पर्यटक, किंवा शेजारच्या नव्या संकुलात घर घेतलेला रहिवासी, या तिन्हींना मिळून 'दुर्गंधी' म्हणतो. त्याची तक्रार बातमी होऊ शकते; ती छापू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु 'मासळी सुकवण्याच्या वासाबाबत रहिवाशांची तक्रार' आणि 'कोळीवाड्यातील दुर्गंधीने रहिवासी त्रस्त' या दोन मथळ्यांपैकी दुसऱ्याने निकाल आधीच देऊन टाकलेला असतो. त्याच पानावर खाडीत मृत मासळीचा खच पडल्याची बातमी असेल तर तिथेही शब्द तोच, दुर्गंधी. एका ठिकाणी व्यवसायाचा वास आहे, दुसऱ्या ठिकाणी व्यवसाय बुडाल्याचा. ज्या कोळ्याची जाळी दुसऱ्या बातमीत रिकामी राहिली, तोच पहिल्या बातमीत आरोपी ठरतो. जातीने आणि धंद्याने माणसांना 'वास मारणारे' ठरवण्याची आपल्या समाजाची सवय जुनी आहे. वृत्तपत्राने निदान ती नकळत चालवू नये.

वासाच्या बातमीला आणखी एक अडचण छळते. वासाचे छायाचित्र निघत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये पनवेल तालुक्यातील तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली आणि ती छायाचित्रे जगभर गेली. कासाडी नदीच्या प्रदूषणाकडे एकाएकी सर्वांचे लक्ष वेधले गेले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्यावर कारवाई केली. त्या भागातील रहिवासी वासाच्या तक्रारी मात्र त्यापूर्वीपासून करीत होते. रंग दिसला म्हणून पुरावा झाला. वास त्याच ठिकाणी होता, पण तो आतल्या पानावरच्या चार ओळींपलीकडे गेला नव्हता.

कायद्यातही वासाची स्थिती फारशी वेगळी नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषके आहेत. त्यांत अमोनिया आहे, चोवीस तासांच्या सरासरीला प्रति घनमीटर ४०० मायक्रोग्रॅम या मर्यादेसह. हायड्रोजन सल्फाइड नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ मध्ये वासाच्या प्रदूषणाबाबत मार्गदर्शिका काढली, परंतु मार्गदर्शिका म्हणजे मानक नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तर वासाची कसोटी एकाच विशेषणात आटोपली आहे. तो 'स्वीकारार्ह' असावा, एवढेच. वास मोजण्याची प्रयोगशाळेतील पद्धतही अखेर माणसाच्या नाकावरच विसंबते : हवेचा नमुना टप्प्याटप्प्याने विरळ करून निवडक व्यक्तींना हुंगायला देतात आणि निम्म्यांना तो जाणवेनासा होईपर्यंत किती पट विरळ करावा लागला, ते नोंदवतात. हवा दूषित करून लोकांच्या आरोग्याला अपाय करणाऱ्यास भारतीय दंड संहितेच्या कलम २७८ नुसार कमाल ५०० रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८० मध्ये तो १,००० रुपये झाला.

एकदाच असे घडले की वासाचा उल्लेख पहिल्या पानावर, आकड्यांच्या शेजारी आणि अगदी शब्दशः आला. जून २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास व चव न कळणे याचा करोनाच्या लक्षणांत समावेश केला. 'गंध नसणे' हा अज्ञानदर्शक वाक्प्रचार काही महिने वैद्यकीय नोंद होऊन बसला. फोडणीचा वास येतो का, हे घरोघरी तपासले जाऊ लागले.

दरवर्षी जूनमध्ये मात्र वृत्तपत्रांना वासाबद्दल मोकळेपणाने लिहिता येते. पहिल्या सरीबरोबर 'मृद्गंध' दरवळतो, मथळ्यापासून छायाचित्राच्या ओळीपर्यंत. विंदा करंदीकरांच्या १९५४ च्या संग्रहाचे हे नाव आता पावसाच्या बातमीची ठरावीक सामग्री झाले आहे. त्या वासामागे मातीतील जिवाणूंनी तयार केलेले जिओस्मिन असते आणि माणसाचे नाक ते अविश्वसनीय सूक्ष्म प्रमाणात ओळखते. मातीच्या वासाला एवढी काटेकोर संज्ञा देणारी भाषा त्याच मातीतून वाहणाऱ्या सांडपाण्याला 'उग्र' म्हणून मोकळी होते.

खाडीकाठच्या तक्रारी बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटेच्या असतात. 'रात्रीच्या अंधाराचा फायदा घेऊन रसायने सोडली जातात' असा त्यावर स्थानिकांचा आरोप असतो, आणि तो अनेकदा तसाच छापला जातो. आरोप खरा असू शकतो. शालेय भूगोलात शिकवलेले खारे आणि मतलई वारे हेही मात्र लक्षात घ्यावे लागतात. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा वाहतो आणि वसाहतीतील हवा आत, डोंगरांकडे ढकलली जाते. रात्री जमीन लवकर निवते, मतलई वारा सुटतो आणि तीच हवा खाडीवरून किनाऱ्याच्या गावांकडे येते. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, त्यामुळे वास खालीच कोंडतो. म्हणजे दिवसभर तेवढेच वायू सोडले तरी गावाला ते पहाटेच कळण्याची शक्यता अधिक. आरोप आणि वारा यांपैकी कारण कोणते, हे ठरवायचे तर वास किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, वारा कुठला होता, भरती होती की ओहोटी, एवढे चार तपशील लागतात. वाऱ्याची आणि भरतीची वेळ किनाऱ्यावरच्या कोणत्याही तांडेलाला तोंडपाठ असते. बातमीसाठी त्याला विचारले जाते ते मासळीचा भाव आणि वादळाचे नुकसान.